वकीलकाकांचा बोलता गवाह

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. चुलीवर वरण आहे, ते उतू गेलं तर जाऊ दे. सासूबाई मानवतला लेकीकडं गेल्यात, घरात बोलायला कुणी नाही, आणि उद्यापर्यंत थांबले तर ह्यातलं निम्मं पहाटेच्या स्वप्नासारखं हातातून निसटून जाईल. म्हणून दौत घेऊन उंबऱ्यातच बसलेय. अक्षर वेडंवाकडं येईल, सांभाळून घ्या.

गोष्ट आमच्या शेजारच्या वकीलकाकांची आहे. आणि त्यांच्या छोट्या मोटारीची. आणि त्या मोटारीच्या पोटातल्या तेलाची.

तुमी म्हणाल, तेलाची कसली आली गोष्ट. ऐका तर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असती. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे कढलेले असतात, तिथं लोणी-हळद चोळायची, गरम पाण्यानं शेकायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आमच्या गल्लीत बैलांची घरं लय, त्यामुळं त्या दिवशी सगळी गल्ली हळदीनं पिवळी होऊन जाती. आणि त्याच वेळी, परभणीच्या कचेरीत फर्ड्या उर्दूत मुकदमे चालवणारे अंबादासराव वकील, काळा कोट खुंटीला लावून, धोतर वर खोचून, मोटारीखाली उताणे पडलेले असतात. हातात लोण्या-हळदीची वाटी. अन् मोटारीखालून आवाज येतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मोटारीखाली कुणाचा बैल अडकलाय.

मी पालमची. आमच्याकडं मोटार म्हणजे धूळ. लांबवर धूळ उठायची आणि लोक म्हणायचे, मोटार गेली. लग्न होऊन परभणीला आले, त्या दिवशी संध्याकाळी माजघरात बसले होते, नवी साडी, मान खाली, डोळ्यांवर झोप. तेवढ्यात चढाच्या खालून एक आवाज वर यायला लागला. ऊंऽऽऽ. गाभण म्हशीनं गळा काढावा तसा, पण त्यात एक सूर. तो वाढत वाढत आला, भिंतीतून शिरला, मांडणीवरची भांडी किणकिणली, आणि आमच्या शेजारच्या दारात येऊन थांबला. मी ह्यांना हळूच विचारलं, कोण रडायलंय.

"कुणी न्हाई," हे म्हणले. "वकील घरी यायलेत."

आमचे हे जिनिंगात फिटर आहेत. कापसातून सरकी काढायच्या मशिनी ह्यांच्या हाताखाली असतात, आणि मशीन कुरकुरलं की ह्यांना घास गिळत नाही. वकीलकाकांची मोटार चढावर आली की हे जेवता जेवता डोळे मिटून घ्यायचे, दात दुखत असल्यागत. मग मला समजावून सांगायचे. मोटारीत बसणाराच्या पायापाशी एक लोखंडी पेटी असती, गिअरची. तिच्यात दातेरी चाकं असतात, एकमेकांत दात अडकवून फिरतात, आणि ती तेलात बुडालेली असतात. तेल जाड असलं की चाकं गुमान फिरतात. पातळ असलं की अशी गळा काढतात.

"आन् हा माणूस तिला एरंडेल पाजतो," हे म्हणायचे. "एरंडेल. वरून त्यात करडीचं तेल, ते पातळ व्हावं म्हणून. मी कितीदा म्हणलं, वकीलसाब, जाड तेल आणून देतो. तर म्हणतेत, न्हाई दिगंबरा, गवाह बोलता पाहिजे."

हे वकीलकाकांचं पालुपद. गिअरच्या पेटीला ते गवाह म्हणतात, म्हणजे साक्षीदार. गवाह बोलता पाहिजे. गवाह मुका झाला की मुकदमा गेला.

आता मोटारीचं सांगते. ती विलायती आहे, पण एवढीशी. शिंप्याच्या मशीनला छप्पर घातलं तर जेवढी होईल त्याच्यापेक्षा थोडी मोठी. आधी कुण्या इंग्रज साहेबाकडं होती, मग कुण्या जहागीरदाराकडं, तिथून काकांकडं आली. तिसऱ्या घरी नांदायला आलेली, काका म्हणतात, तिला टाकून बोलायचं नाही.

आणि एरंडेलाचा वास. ती गल्लीतून गेली की पोरं नाक-तोंड दाबून घरात पळतात. त्यांना वाटतं आज जुलाब द्यायचाय.

तेल बदलायचा दिवस म्हणजे एक सोहळा. मागच्या वर्षी मी आमच्या ओट्यावरून सगळा बघितला. सकाळी काका मोटार घेऊन पिंगळीच्या रस्त्याला लांबवर चक्कर मारून येतात. कामून, तर तेल गरम व्हायला पाहिजे. "थंड तेल बनेल असतं," ते म्हणतात, "तळाला चिकटून बसतं, काही कबूल करत नाही. गरम झालं की सगळं बाहेर येतं." मग चारी चाकांखाली एकेक सपाट दगड. मोटार समतल उभी पाहिजे, नाहीतर तेल किती भरलं त्याचा अंदाज चुकतो. ते बघायला काका मोटारीच्या पायरीवर पाण्याची परात ठेवतात आणि पाणी कुठल्या कडेला जातंय ते डोकं वाकडं करून बघत बसतात. पाणी सरकलं की काढा दगड, घाला दगड. समोरचे पिराजी, त्यांच्याकडं खिल्लारी जोडी आहे, ते बैलाला हळद लावता लावता विचारतात, "वकीलसाब, मोटार हाय का देवघर."

"पिराजी, तुझे बैल चार पायावर सारखे उभे राहतात. माझ्या बैलाला ते जमत नाही. त्याला मी काय करू."

मग बारदान अंथरून काका खाली जातात. नियम असा, की आधी पेटीचं वरचं बूच काढायचं आणि मगच खालचं. "आत जायची वाट मोकळी आहे ह्याची खातरजमा झाल्याशिवाय बाहेरची वाट उघडायची नाही. कायदा आहे." हा कायदा कसा झाला ते पिराजींनी मला सांगितलं. एका वर्षी काकांनी आधी खालचं बूच काढलं, सगळं तेल परातीत आलं, आणि वरचं बूच गंजून बसलेलं. पाना लावला, ठोकलं, विनवण्या केल्या. ढिम्म. त्या पोळ्याला सगळे बैल पुरणपोळी खाऊन मिरवले आणि वकिलांची मोटार रिकाम्या पोटी दारात उभी. काकांनी पण मग पुरणपोळी खाल्ली नाही म्हणे. बैल उपाशी असताना मालकानं खाऊ नये.

जुनं तेल परातीत येतं ते काळं, त्यात उन्हात चमकणारी बारीक चांदीसारखी कणी. काका त्यात बोट बुडवून अंगठ्यावर घासतात आणि पेटीला म्हणतात, "लय झिजलास की रे." मग खालचं बूच लावायचं आणि वरून कोमट एरंडेल-करडी, नरसाळ्यानं, हळूहळू, लेकराला गुटी पाजावी तसं. वरच्या बुचाच्या भोकातून थेंब बाहेर ओघळला की समजायचं पोट भरलं.

आणि शेवटी परीक्षा. गाडी सुरू करून काका चुलीची फुंकणी घेतात, तिचं एक टोक पेटीवर आणि दुसरं कानाला. डोळे मिटून. वैद्यानं नाडी बघावी तसं. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे येतं ते मला सांगता येणार नाही. दुपारी झोप लागता लागता शेजारच्या खोलीत कुणीतरी जात्यावर गुणगुणत असावं आणि आपल्याला उठवत नसावं, तसलं काहीतरी.

तेवढ्यात आतून काकू ओरडतात, "अवो, फुंकणी आणा, चूल इझली."

काकूंना ऐकू येत नाही. काही वर्षांमागं त्यांना मुदतीचा ताप आला, ताप गेला तो कान घेऊन गेला. आपण किती मोठ्यानं बोलतोय ते त्यांना कळत नाही, त्यामुळं काकूंनी कुणाला हळूच काही सांगितलं की ते मारुतीच्या पारापर्यंत जातं. माझ्याशी त्या पहिल्यांदा बोलल्या ते कानाशी येऊन, तोंडावर पदर धरून, "पोरी, तुझी सासू तिखट हाय, पण मनानं गोड हाय." सासूबाई विहिरीवर होत्या. तिथून म्हणाल्या, "ऐकलं बरं."

पिराजी म्हणतात, "घरात बायको ऐकत न्हाई, म्हणून वकिलानं गाडीला बोलायला लावलंय." हे काकांच्या तोंडावर म्हणतात. काका हसतात. म्हणतात, "पिराजी, अर्धी गोष्ट तर तू बरोबर सांगितलीस."

अजून दोन खोडी सांगायच्या राहिल्या, त्या सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कचेरी आमच्या चढाच्या खाली, चालत गेलं तर पान लावून खाईस्तोवर येती. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल मोजकं मिळतं, भल्याभल्यांच्या मोटारी गोठ्यात उभ्या आहेत. तरी काका मोटारीनंच जातात. त्यात पुन्हा जाताना मोटार सुरू करत नाहीत. दारातून ढकलतात, पळत जाऊन आत बसतात, आणि ती उतारावरून आवाज न करता खाली जाती, नदीत सोडलेल्या द्रोणासारखी. येताना मात्र चढ सुरू होतो तिथंच पहिला गिअर घालतात आणि दारापर्यंत तोच. ऊंऽऽऽ. गल्ली म्हणती, चिक्कू आहे, जाताना पेट्रोल वाचवतो आणि येताना मिरवतो.

दुसरी खोड काकूंची. संध्याकाळ झाली की काकू पडवीत पाण्याच्या तांब्याच्या हंड्यापाशी जाऊन उभ्या राहतात. हंड्यावर पितळी ताटली झाकलेली असती, तिच्यावर तळहात ठेवून. रस्त्याकडं पाठ. बघायचं कुठं काही नाही, समोर भिंत. रवंथ करणारी गाय बघती तशा बघतात. मग एकदम हात काढतात, आत जातात, चहाचं आधण ठेवतात. इकडं चहा उकळतो आणि तिकडं मोटार दारात थांबती. रोज. मी सासूबाईंना विचारलं, ऐकू येत नाही तर ह्यांना कळतं कसं. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाचा अंदाज. बाईला कळतंय."

आता तेरवाचं.

ह्या वर्षी खांदेमळणीच्या सकाळी काकांच्या कमरेत उसण भरली. मोटारीखाली जाणं सोडा, कूस बदलता येईना. पोटावर पडून होते आणि काकू कमरेवर गरम विटेचा शेक देत होत्या. काकांनी आमच्या ह्यांना बोलावलं. एरंडेल-करडीची किटली दिली, लोण्याची वाटी दिली, सगळे कायदे सांगितले. "आणि हेच तेल, दिगंबरा. आणि आवतन द्यायला विसरू नको."

ह्यांनी सगळं केलं. चक्कर मारली, दगड लावले, पाण्याची परात ठेवली, आधी वरचं बूच मग खालचं. हळद-लोणी पण चोळलं. आवतन पण दिलं, इकडंतिकडं बघून, अगदी हळू आवाजात, कारण समोर पिराजी उभे होते. पण तेल. तेलापाशी ह्यांच्यातला फिटर आडवा आला. जिनिंगच्या मालकाला विचारून ह्यांनी तिथलं जाड तेल डब्यात आणून ठेवलं होतं, दातेरी चाकांचं, मधासारखं, सोनेरी. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटंल. इतकी वर्षं ती पेटी रडायलीय, एकदा तिला निवांत झोप लागू दे. हे काही वाईट मनानं केलं नाही, हे तुमी लक्षात ठेवा. ह्यांच्या हातून जी जी म्हणून माया होती, ती पान्यातून आणि तेलातूनच होती.

आतून काका विचारायले, "बोलला का गवाह?"

"बोलंल, बोलंल," हे म्हणले. आणि किटलीतलं एरंडेल पिराजींच्या बैलगाडीच्या आसाला घालून टाकलं, सणाचं.

पोळा झाला. मोटारीपुढं पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, तो शेळीनं खाल्ला. काका अंथरुणातच होते. काल कचेरीत त्यांची पेशी होती, म्हणून कंबर बांधून उठले, मोटार ढकलायला आमचे हे गेले, आणि नेहमीसारखी ती आवाज न करता उतारावरून खाली गेली.

काल संध्याकाळी मी ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. पाऊस पडून गेलेला, ऊन असं पिवळं की पोळ्याची हळद अजून कुणी धुतलीच नाही वाटावं. शिंगं रंगवलेले बैल झोपेतल्यासारखे वस्तीकडं परतायले. काकू पडवीत, हंड्यापाशी, हात ताटलीवर.

आणि मोटार आली. म्हणजे मला दिसली तेव्हा ती येऊन पोचलीच होती. ढगाची सावली शेतावरून सरकती तशी चढावरून वर आली आणि दारात थांबली. आमचे हे आधीच दारात येऊन उभे होते, खांद्यावर टॉवेल, शाबासकी घ्यायला.

"ऐकलंस का?" मला म्हणाले.

"काय?"

"तेच तर. काई ऐकू येतंय का?"

काका मोटारीतून उतरले नाहीत. दोन्ही हात चाकावर, आणि पडवीकडं बघत बसले.

काकू तशाच उभ्या. रस्त्याकडं पाठ. नवरा मागं पाचपन्नास पावलांवर नाही, हाकेच्या आत, आणि त्या भिंतीकडं तोंड करून त्याची वाट बघायलेल्या. थोड्या वेळानं त्यांनी ताटलीवरचा हात उचलला, पदराला पुसला, आणि पुन्हा ठेवला. जसा काही हाताचाच दोष होता. मग आत जाऊन दिवा लावून आणला, कोनाड्यात ठेवला, पुन्हा हात ताटलीवर. आता त्यांचे ओठ हलायला लागले. चहाचं आधण नव्हतं ठेवलं.

मला अजून काही कळलं नव्हतं, खरं सांगते. पण शेंगा निवडायचा माझा हात थांबला होता.

काका उतरले. कंबर धरून, पायरी-पायरीनं पडवीत गेले. मागून खांद्याला हात लावला असता तर त्या दचकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी आपला हात ताटलीवर ठेवला, काकूंच्या हाताशेजारी.

काकूंनी आधी तो हात बघितला, मग तोंड. आणि म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्यांच्या आवाजात, "चालत आलात का हो? गाडी बंद पडली का? मला काईच कळलं न्हाई की."

आमच्या ह्यांच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला. माझ्या आधी ह्यांना कळलं, फिटर ना. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "ताटली. त्या पेटीच्या आवाजानं ताटली थरथरत आसंल."

मग काका आमच्या ओट्यापाशी आले. हे मान खाली घालून उभे.

"दिगंबरा, तेल कुठलं रे?"

"जिनचं, वकीलसाब. जाड. चांगलं हाय."

"चांगलं आहे. लय चांगलं आहे. लोण्यातून चालल्यासारखी आली." काकांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "पण माझा गवाह फोडलास की रे बाबा."

आज सकाळी पुन्हा सगळा मांड मांडला. आज ना खांदेमळणी ना काही, सण सरलेला, आणि एरंडेल कुठं मिळंना. लढाईमुळं दुकानात सगळ्याच तेलाची मारामार. काका म्हणाले, राहू दे, पुढं बघू. आमचे हे म्हणाले, पुढं न्हाई, आजच. आणि घरोघर गेले. माय, काय सांगू. ज्या घरात लेकरू आहे त्या घरात जुलाबाची बाटली आहे. कुणी अर्धी दिली, कुणी तळची दिली. पोरांनी तर आया नको म्हणत असताना कोनाड्यातून काढून आणून दिल्या, अशी दानशूर पोरं मी बघितली नाहीत. पिराजी आसाला घालायच्या करडीच्या तेलाचं अख्खं गाडगं घेऊन आले.

"वकीलसाब, तुमचं तेल माझ्या गाडीनं खाल्लं. आता माझं तुमच्या बैलाला."

"पिराजी, बैल म्हणालास."

"मग, हंबरतोय तर बैलच की."

आमचे हे मोटारीखाली, आणि कमरेचं दुखणं असून काका पण खाली, दोघं एका बारदानावर. बाहेरून चार पाय तेवढे दिसायले. मी काकूंच्या पडवीत हात लावायला गेले होते, पुरणाची डाळ निवडायची होती. काकूंनी ठरवलंच होतं, सण नसला तरी मोटार पुन्हा जेवती म्हणल्यावर पोळी करायचीच. निवडता निवडता त्या माझ्या कानाशी वाकल्या, तोंडाला पदर लावला, म्हणजे आता गुपित. आणि गल्लीभर सांगितलं.

"पोरी, कान गेले ना माझे, तवाची गोष्ट. एकदा पावसाची संध्याकाळ, मी दाराला कडी घातली अन् आत दाराकडं बघत बसले. हे यायलेच न्हाईत. म्हणलं, वड्याला पाणी आलं, गेलं माझं माणूस. रडले बघ. अन् हे बाहीरच, दारात. वाजवून वाजवून हाताची सालटं निघाली ह्यांच्या. मधी एक फळी, पोरी. एका फळीचं अंतर. ते बाहीर भिजायले, मी आत रडायले."

पिराजींनी बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली.

"मग कुठून ही गाडी आणली. पैल्या दिवशी चढावर आली, अन् मी पाणी घ्यायले, तर ताटली थरथरली माझ्या हाताखाली. मुंग्या आल्यागत. बाहीर जाऊन बघते तर हे. मी ह्यांना म्हणलं, तुमी आलेले कळतंय मला." काकू डाळीतला खडा शोधत होत्या, नजर सुपात. "सकाळी जाताना बंद करून जातेत, बघतीस ना. लोक म्हणतेत चिक्कू. मला म्हणले, जाताना तुला कळायला नको. जाताना कळलं की जीव टांगून राहतो. तुला फकस्त आलेलं कळावं."

मी मोटारीकडं बघितलं. चारातले दोन पाय हलायले, आमच्या ह्यांचे, पाना फिरवायला जोर लागतो म्हणून. काकांचे पाय हलले नाहीत. तेल भरून थेंब ओघळला, बूच लागलं, हे बाहेर आले, हात पुसले, तरी ते दोन पाय तिथंच होते. पिराजींनी विचारलं, "वकीलसाब, अडकलात का?"

"उसण आहे बाबा," आतून आवाज आला. "जरा वेळ लागंल."

पिराजी रिकामं गाडगं उचलून आपल्या घराकडं वळले. 

काका दुपारी मोटार घेऊन कचेरीला गेलेले. आत्ता थोड्या वेळापूर्वी संध्याकाळ झाली. काकूंनी मला खुणेनं बोलावलं, माझा हात धरला आणि ताटलीवर ठेवला, आपला वरून. पितळ गार होतं. काही नाही. मग, कानाला काही ऐकू यायच्या आधी, खरंच आधी, तळहाताला गुदगुली झाली. पाण्यात खोल कुठंतरी मधमाशी अडकलीय असं वाटलं. काकूंनी डोळे मिटले होते. "मारुतीचा पार," त्या म्हणाल्या. "आता चढ लागला." ताटली हंड्याच्या काठावर झिणझिणायला लागली, माझ्या कोपरापर्यंत आलं ते, आणि मग मला ऐकू आलं. ऊंऽऽऽ. तीच गाभण म्हैस. एवढा गोड आवाज मी ह्या गल्लीत ऐकला नव्हता.

काकूंनी हात काढला, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

मी घरी आले आणि लिहायला बसले. वरण उतू गेलंच आहे. आणि आता हे लिहिता लिहिता गल्लीच्या कोपऱ्यावर एक सायकल खडखडली. मागचं मडगार्ड कुणी मुद्दाम सैल केल्यागत, खड्यावर खड, खड्यावर खड. आमच्या गल्लीत सायकल एकच आहे. ती फिटरची आहे, आणि तिचा आवाज आजवर कधी कुणी ऐकलेला नाही. मी दारात जाऊन वाट बघायची तर हे केव्हाच मागं येऊन उभे असायचे.

खडखड जवळ यायलीय. मी उठून चहा टाकते. पण त्याआधी तुमाला विचारते, तुमच्या घरी कुणी असं आवाज करत येतं का? आणि आपण इतके दिवस त्याला नुसतं बेजार होऊन, बंद कर म्हणत होतो, असं तुमचं पण झालंय का?